जावयाला धरायचं कुणी?

बन्सीधर सरांनी रग्बीचा चेंडू पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो कॉलेजच्या ऑफिसातून परत पाठवला जात होता. अधीक्षक दिनकरराव खोक्याला चिकटपट्टी मारत होते आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 'माल चेपलेला' असं लिहूनही झालं होतं.

"दिनकरराव, तो चेपलेला नाही. तो तसाच असतो."

"सर, स्टॉक रजिस्टरात रकाना हाय : चेंडू, गोल. ह्यो गोल हाय का? तुमीच सांगा."

"गोल नाही. लांबट आहे."

"मंग झालं तर. उद्या ऑडिटवाल्यानं इचारलं, का बाबा ह्यो चेंडू असा कामून, तर मी काय तोंड दाखवू?"

सर राज्यशास्त्र शिकवायचे. चर्चेतून मार्ग निघतो यावर त्यांची श्रद्धा होती आणि दिनकररावांसारख्या माणसांनी ती वर्षानुवर्षं कुरतडूनही शाबूत राहिली होती. दीड तास चर्चा झाली, दोनदा चहा झाला, आणि अखेर चेंडूची नोंद 'इतर साहित्य' या सदरात, फिनाइल आणि खराटे यांच्या मधोमध झाली. सर चेंडू काखेत मारून बाहेर पडले. लहान बाळ घ्यावं तसा तो त्यांनी धरला होता, कारण दुसऱ्या कोणत्या पद्धतीने धरतात हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

आता एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला, ज्याने आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलं नाही आणि कॅरममध्येही ज्याला राणी कधी सापडली नाही, हे लचांड गळ्यात का घ्यावं लागलं, ते सांगायला हवं. संस्थेचे अध्यक्ष दत्तराव, म्हणजे सगळ्या बोरीचे आप्पा, यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सहज बोलावं तसं जाहीर केलं होतं की कॉलेजच्या मैदानावर दिवाळीनंतर 'मंगल लॉन्स' उभं राहणार. कारंजं, लायटिंग, नवरीच्या एंट्रीला धुराचं मशीन. सगळ्या स्टाफने माना डोलावल्या. बन्सीधर सरांचीही मान डोलायला निघाली होती, पण ती मध्येच अडली.

कारण सरांचं घर मैदानाला लागून होतं. रोज पहाटे गावातली आणि आजूबाजूच्या तांड्यांवरची पोरंपोरी तिथे पोलीस भरतीसाठी पळायची. पोरी ओढण्या कमरेला बांधून पळायच्या. दात घासता घासता सर त्यांना बघायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकीला भरती करून टाकायचे. मैदान गेलं की ही सगळी जिंतूर रोडवर उसाच्या ट्रकांमधून पळणार, हे सरांना एकदम दिसलं. ते उठून उभे राहिले.

"आप्पा, मैदान खेळाचं आहे."

"हौ, पण खेळतं कोण त्याच्यावर? ढोरं." आप्पा चिडले नव्हते, हसत होते. आप्पा हसले की माणसाने जास्त घाबरायचं असतं. "असं करू, सर. ह्याच मैदानावर, इद्यापीठाची एक मॅच आपलं कॉलेज जिंकून दाखवू द्या. कोन्चाबी खेळ. दिवाळीच्या आत. जिकलात, तर मैदान तुमचं. न्हाई तर मांडव माझा. शब्द म्हंजे शब्द."

सरांनी घरी येऊन शांतपणे विचार केला. कबड्डीत उतरावं, तर जिल्ह्यातलं प्रत्येक कॉलेज कबड्डीत पोचलेलं. खो-खोत तीच गत. कुस्तीचं नाव काढायची सोय नव्हती. विद्यापीठाच्या पत्रकाच्या पार तळाशी मात्र 'रग्बी (सात खेळाडू)' असा एक खेळ होता आणि आपल्या भागातून त्यात फक्त पूर्णा आणि सेलू ही दोन कॉलेजं उतरली होती. लोकशाहीत उमेदवार कमी असले की संधी वाढते, हे सर दरवर्षी शिकवत. त्यांनी अर्ज भरला आणि वर, आम्हीच सामने भरवतो, असंही कळवून टाकलं.

"नियम तरी माहीत हायेत का?" त्यांच्या बायकोने, शालूताईंनी, कणीक मळता मळता विचारलं.

"माहीत करून घेता येतात."

"भाजी आणायला सांगितली तर मेथीच्या जागी शेपू आणता, आन् हे माहीत करून घेणार."

शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी कुंपणावरून सल्ला दिला की चेंडूला एरंडेल चोळावं, म्हणजे समोरच्याच्या हातून निसटतो. आपल्याही निसटेल, हे सरांनी दाखवून दिल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "ते तुमी बगा. सगळंच मी सांगायचं का?"

सरांनी नियमावली वाचली, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, आणि वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले : मूलभूत हक्क आणि मूलभूत कर्तव्ये. समोर सात पोरं आणि दोन राखीव बसली होती. सातही पोरं कबड्डीतून उचललेली, कारण अंगाला अंग लावायला न लाजणारी दुसरी पोरं कॉलेजात नव्हती.

"हक्क पहिला," सर म्हणाले. "चेंडू घेऊन कुठेही पळता येतं. हक्क दुसरा, ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला धरून खाली पाडता येतं. पण खांद्याच्या खाली धरायचं. मान, डोकं, तोंड, काही नाही. आता कर्तव्यं. हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही. साथीदाराला द्यायचा तो बाजूला किंवा मागे."

"सर, मंग पुढं जायचं कसं?" कप्तान नागेशने विचारलं.

"पळत."

"आन् द्यायचं मागं?"

"मागे."

नागेशने दोन्ही रकाने पुन्हा वाचले. "म्हंजे आपल्या संस्थेवानीच हाय," तो म्हणाला. सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"आणि पाडलं की चेंडू सोडायचा. लगेच. समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला, की पाच गुण. मग लाथेने दोन खांबांमधून मारला, तर वर दोन. सात-सात मिनिटांचे दोन डाव. संपला खेळ."

इतकं सोपं होतं. पण पहिल्या सरावाला नागेशला पाडल्यावर तो उठला, कपडे झटकले, आणि मैदानाबाहेर जाऊन रेषेपाशी मांडी घालून बसला. मग दुसरा पडला, तो जाऊन नागेशच्या शेजारी बसला. तिसराही गेला. अशी एकेक करत सगळी टीम रांगेत बसली आणि मैदानावर मधोमध चेंडू एकटाच उरला.

"अरे, बाहेर का बसलात?"

"आऊट झालो ना, सर."

"रग्बीत कुणी आऊट होत नाही!"

"मंग धरायचं कशाला?" असं रास्त वाटणारं उत्तर आलं. ही खोड मोडायला दोन आठवडे गेले. त्यात दुसरी निघाली. ढीग पडला की कुणाचा तरी पाय कुणाला तरी लागायचा, आणि पाय लागला की ही पोरं तिथेच थांबून ज्याला लागला त्याला हात लावून छातीला लावायची. चेंडू तिकडे पसार व्हायचा आणि इकडे ढिगात सात जणांचे नमस्कार चालायचे. संस्कारांवर बोट ठेवणं सरांच्या जिवावर आलं. शेवटी त्यांनी तोड काढली : सगळे नमस्कार साठवून ठेवायचे आणि शेवटच्या शिट्टीनंतर एकदम करायचे. पोरांना ते पटलं.

सर रोज मैदानावर येत राहिले. एकदा दाखवायला म्हणून स्वतः चेंडू घेऊन पळाले आणि पाटबंधारे खात्याच्या खुणेच्या दगडावर आपटून गुडघा सुजवून बसले. गावात बातमी पसरली की सरांना लॉन्सवाल्यांनी मारलं. ते लंगडत येत राहिले. पोरं पडलं की चेंडू सोडायला शिकली, मागे द्यायला शिकली, आणि एका संध्याकाळी सातही जणांच्या हातून फिरत फिरत चेंडू रेषेपलीकडे गेला, तेव्हा सरांना हुंदका आला. धूळ गेली म्हणत त्यांनी डोळे पुसले. पावसाळा होता, धूळ कुठेच नव्हती.

मग पहिली लढत पूर्णेशी ठरली आणि नागेश पडका चेहरा घेऊन सरांच्या दारात आला.

"सर, घात झाला. पूर्णेच्या टीममधी दाजी हायेत."

दाजी म्हणजे रविकांत, आप्पांचा जावई. आप्पांची लेक प्रियंका उन्हाळ्यातच पूर्णेला दिली होती आणि रविकांत तिथे एम.ए. करत होता. आप्पांचा जावई म्हणजे साऱ्या बोरीचाच जावई. पळायला तर असा की रेल्वे क्वार्टरची कुत्रीसुद्धा त्याचा नाद सोडून बसली होती.

"मग? त्याला धरायचं."

नागेशने दोन्ही कानांना हात लावले. "सर, दाजीचे पाय आमी लग्नात धुतलेत. परातीत. आता तेच पाय धरून त्यायला आपटू? आन् त्यातून अधिकमास चालू हाय. अधिकात जावई म्हंजे नारायण. आमच्या आयांना कळलं तर घरात घेणार न्हाईत."

सरांनी नागरिकशास्त्रातल्या समतेवर व्याख्यान दिलं. नागेशने ते मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाला, "तुमचं बराबर हाय, सर. पण धरायचं न्हाई."

सरांचा निर्धार आता हट्टाच्या अंगाने जायला लागला. जावयाला धरता येत नसेल, तर त्याला पळता येणार नाही असं काही करावं. साम, दाम, दंड, भेद यांत जेवण कुठे बसतं, यावर त्यांनी एक दिवस घालवला आणि मग आप्पांच्या बायकोला, बानूबाईंना, जाऊन भेटले.

"बाई, सामन्याला जावई येणारच आहेत. अधिकाचं धोंड्याचं जेवण त्याच दुपारी उरकून घ्या की. पुरणाचे धोंडे, भरपूर तूप."

बानूबाईंना ते फार आवडलं. सामन्याच्या दुपारी चौरंग मांडला, रांगोळी काढली. पण जावयाला काही एकट्याला जेवायला बसवत नाहीत, त्याच्यासोबत पंगत लागते. आणि पंगतीला म्हणून बानूबाईंनी गावची तरणी पोरं बोलावली, ती नेमकी नागेश आणि त्याची टीम. हे कळून सर लंगडत पोचले तेव्हा रविकांत नम्रपणे हात जोडून सांगत होता, "मामी, शनवार हाय मपला. फराळाचं दोन घास घेतो." त्याच्या पुढ्यात शेंगदाण्याचे दोन लाडू होते. शेजारी बोरीचा सगळा संघ तूप ओतून घेत पाचव्या-सहाव्या धोंड्यावर होता.

"सर, बसा की," बानूबाई म्हणाल्या. "तुमचीच कल्पना."

सामना सुरू झाला तेव्हा मैदानाभोवती दोन्ही गावं उभी होती. आप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर, शेजारी त्यांचा मुलगा शिवशंकर. शिवशंकर बोरीच्या टीममध्ये राखीव होता, पण अंगाने असा भरलेला की खुर्चीतून उठणं हाच त्याचा सराव. पूर्णेचा डाव साधा होता. कुठूनही चेंडू आणायचा आणि रविकांतच्या हाती द्यायचा. पहिल्यांदा चेंडू त्याच्या हाती आला आणि बोरीच्या पोरांनी चक्क वाट करून दिली. एकाने तर "या दाजी, या," असंही म्हटलं. रविकांतने चेंडू टेकवला. दुसऱ्यांदाही तसंच.

"आमचे जावई!" आप्पा आजूबाजूला सांगत होते.

पलीकडून पूर्णेचा एक आवाज आला, "पोरगी देली, आता मॅचबी आंदण देली का रं?" सगळं पूर्णा हसलं. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि ऐकलंच नाही असं केलं.

पोटात धोंडे घेऊन नागेशने कसाबसा एकदा चेंडू पलीकडे नेला. मधली सुट्टी झाली तेव्हा पूर्णेचे दहा आणि बोरीचे पाच होते; लाथेचे दोन कुणालाच जमले नव्हते. सर लंगडत आप्पांपाशी गेले.

"आप्पा, एक शब्द टाका. जावयाला धरायला सासऱ्याची हरकत नाही, एवढंच पोरांना सांगा."

"काय बोलायलाव, सर? अधिकमासात? माझ्या तोंडानं?" आप्पा लांब सरकले. "आन् जिकलात तर माझं लॉन्स जातं, ते येगळंच."

सर मागे फिरले. तेवढ्यात त्यांची नजर शिवशंकरवर पडली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नात जावयाच्या अंगाला हात लावायचा हक्क गावात एकालाच असतो : नवरीच्या भावाला. तो सगळ्यांदेखत नवऱ्याचा कान पिळतो आणि वर मानाचा पोशाख मिळवतो.

"शिवशंकर, उठ. मैदानात चल."

"मी? सर, मला दम लागतो."

"दाजींना धरायचा हक्क फक्त तुला आहे. बहीण तुझी दिली आहे."

शिवशंकरला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तू सोडून दुसरं कुणी नाही असं सांगत होतं. तो उठला. बाकीच्यांना सरांनी बजावलं, "दाजींना नका धरू. पण चेंडू त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच्या सगळ्यांना धरा. ते आपले कुणाचे कुणी लागत नाहीत."

हे पोरांना एकदम पटलं. दुसऱ्या डावात त्यांनी पूर्णेच्या सहा परक्यांना जे काही पाडलं, ते बघून पोस्टमास्तर खुर्चीवर चढले. बोरीने एकदा चेंडू टेकवला, थोड्या वेळाने पुन्हा टेकवला. पंधरा-दहा! सरांच्या गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठे गेलं. आणि दोन मिनिटं उरली असताना चेंडू निसटून थेट रविकांतच्या हातात पडला.

समोर एकटा शिवशंकर. रविकांत त्याला चुकवायला गेला, चिखलात घसरला, आणि शिवशंकरने त्याला गाठलं. शिवशंकरने हात लांब केला आणि, सवयीने म्हणा, मानाने म्हणा, दाजीचा उजवा कान पकडून पिळला.

पंचाने शिट्टी फुंकली आणि पिवळं कार्ड काढलं. खांद्याच्या वर धरलं म्हणून शिवशंकर दोन मिनिटं बाहेर. तो खुशीतच बाहेर आला आणि वडिलांना म्हणाला, "धरलं बगा मी."

आता बोरीचे सहा, आणि त्यातल्या एकालाही हक्क नाही. रविकांतकडे पुन्हा चेंडू आला. खांबांच्या मधोमध टेकवला की बरोबरी, आणि तिथून लाथेचे दोन सोपे, म्हणजे पूर्णा विजयी. सहाही जण सवयीने बाजूला झाले. सरांनी डोळे मिटले. मैदान, पहाट, कमरेला ओढण्या बांधलेल्या पोरी, सगळं हातातून जाताना त्यांना दिसलं. मग वाटलं, नाही, काय व्हायचं ते बघायचं, आणि त्यांनी डोळे उघडले.

रविकांत चालत होता. पळायची गरजच त्याला वाटली नाही. एका हाताने केस सारखे करत, वरातीत चालावं तसा तो बोरीच्या मैदानातून रेषेकडे चालला होता, आणि पूर्णेचं सगळं पब्लिक ओरडत होतं, "आंदण! आंदण!" सासऱ्यांसमोरून जाताना त्याने हात हलवला.

आप्पांची खुर्ची मागे उलटली.

"आरं चालायलाय त्यो!" आप्पा गरजले. "पळायची बी तकलीफ घेईना! बोरीच्या मातीतून चालत जायलाय! आरं धरा!"

नागेश चरकून वळला. "आप्पा, दाजी हायेत!"

"दाजी घरी! हितं पूर्णेचा गडी हाय त्यो! पाय धरा त्याचे, मी सांगायलोय, सासरा! धरा!"

सहाही जण एकदम सुटले. रविकांतने पळायला सुरुवात केली, पण चालत्या माणसाला पळता व्हायला जो क्षण लागतो तो त्याच्याकडे उरला नव्हता. नागेशने झेप घेऊन त्याचे दोन्ही पाय कवटाळले, वर बाकीचे पाच पडले, आणि चेंडू रविकांतच्या हातून पुढे, चिखलात सांडला. पंचाने घड्याळ पाहिलं आणि शेवटची शिट्टी दिली.

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! दिनकररावांनी 'इतर साहित्य' डोक्यावर घेऊन नाचवलं. पोलीस भरतीच्या पोरी मैदानात घुसल्या आणि त्यातल्या एकीने सरांना हलवून हलवून विचारलं, "सर, मैदान ऱ्हायलं ना? ऱ्हायलं ना?" सर नुसती मान हलवत राहिले आणि रडत राहिले, आणि या वेळी त्यांनी धुळीचं नाव घेतलं नाही.

इकडे सहा जणांनी रविकांतला उचलून उभं केलं होतं आणि साठवलेले सगळे नमस्कार ओळीने त्याच्या पायावर घालत होते. बानूबाई तांब्या घेऊन आल्या आणि जावयाचे चिखलाचे पाय धुवायला लागल्या. रविकांत लाजून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामी, चुकलं मपलं. पळायला पायजे होतं."

आप्पा हळूहळू भानावर आले. आपण स्वतःच्या तोंडाने काय घालवलं, ते त्यांच्या लक्षात येत होतं. ते मैदानाच्या टोकापर्यंत एकदा बघून आले, जिथे कारंजं होणार होतं. मग सरांपाशी येऊन उभे राहिले.

"शब्द म्हंजे शब्द," ते म्हणाले. वर त्यांनी विचारलं, "फायनल कुणासंग हाय?"

"सेलूशी. पुढच्या शनिवारी."

"सेलूला आपल्या गावच्या लेकी किती देल्यात?"

सर हे आधीच काढून बसले होते. "तिघी आहेत, आप्पा. त्यातल्या दोघींचे नवरे टीममध्ये. एक तर कप्तानच आहे."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट बसवली.

"गाडी काढा तुमची," ते म्हणाले. "त्या दोघायच्या सासऱ्यायकडं जाऊन येऊ. तुमचं ऐकायचे न्हाईत ते. मी बोलतो."

सरांनी सुजल्या गुडघ्याने मोटारसायकलला किक मारली, आणि संस्थेचे अध्यक्ष धोतर सावरत त्यांच्या मागे बसले.